नोटीस पिरियड पूर्ण न करता नोकरी सोडायची? आधी हा हिशेब मांडा



नोकरी महाड एमआयडीसीत आणि स्वप्न तळीये, बिरवाडी किंवा पोलादपूरला स्वतःचं दुकान काढायचं, असे आपल्यात बरेच जण आहेत. गाळा मिळाला, माल ठरला की नोकरीचे उरलेले दिवस जड होतात. मग ठरतं, "पगार हातात पडला की उद्यापासून जायचंच नाही!"

थांबा. नोटीस पिरियडला एक किंमत असते. ती मोजून, लेखी ठरवून, फेडून बाहेर पडता येतं. न सांगता गेलात तर तीच किंमत वाढते.

१. नेमणूकपत्र बाहेर काढा

चार गोष्टी शोधा. नोटीस किती दिवसांची? तेवढ्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का? ते मूळ पगारावर की पूर्ण पगारावर? आणि ठरावीक वर्षांचा बॉण्ड आहे का? कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही, पण करारात लिहिलेली भरपाई मागू शकते.

२. खरा खर्च मोजा

समजा पगार १८,००० रुपये, नोटीस ३० दिवसांची, आणि तुम्ही १० दिवस भरले. उरलेल्या २० दिवसांचे १२,००० रुपये कापले जातील. पण एवढ्यावर थांबू नका. ते २० दिवस काम केलं असतं तर आणखी १२,००० पगार मिळाला असता. म्हणजे खरा खर्च २४,०००. दुकान २० दिवस आधी उघडून एवढा नफा सुटणार आहे का? गल्ला नव्हे, नफा! सुटत असेल तर खुशाल पैसे भरा. नसेल तर दिवस भरा. शिल्लक रजा नोटिशीत धरता येते का, तेही विचारा.

ग्रॅच्युइटीही बघा. कायम कामगाराला साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर ती मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. थोडे महिने बाकी असताना घाई केली, तर दुकानाचं फ्रीजरच गेलं म्हणा!

३. तारीख उलटी मोजा

गणपती सप्टेंबरच्या मध्यावर असतील, तर दुकान ऑगस्टच्या मध्यावर उघडं हवं. नोटीस ६० दिवसांची असेल, तर राजीनामा जूनच्या मध्यावर द्यायला हवा. बरेच जण जुलैअखेर जागे होतात, म्हणून पळायची वेळ येते. आणि आपल्याकडे मधे पावसाळा आहे. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पाणी होतं. ज्यांचा माल भिजला त्यांना विचारा, हातात राखीव पैसा असणं म्हणजे काय. नोटिशीच्या दिवसांतला पगार हाच तुमचा पहिला राखीव पैसा.

४. बॉण्ड असेल तर जपून

कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतल्या एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला होता. परदेशी तंत्रज्ञान गुप्त ठेवायची अटही त्यात होती. तो मुदतीआधीच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. १९६७ च्या निकालाने त्याला परत कामावर पाठवलं नाही, पण कराराची मुदत संपेपर्यंत तसलं काम दुसरीकडे करायला मनाई कायम ठेवली. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यातही तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट कोर्टाने वैध मानली.

साध्या ३० दिवसांच्या नोटिशीला हे लागू नाही. पण केमिकल कंपनीत बॉण्डवर आहात आणि बाहेर पडून तेच उत्पादन काढणार आहात? मग आधी वकिलाला कागद दाखवा.

५. घरी संकट आलं तर?

त्याच २२ जुलैला तळीयेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. अशा वेळी नोटीस कोण बघतो? धावायचंच. पण जमेल तेव्हा साहेबांना आणि एचआरला एक लेखी मेसेज टाका: कारण, तारीख, संपर्क नंबर. आधी रजा मागा, राजीनाम्याचं नंतर बघा. "न सांगता गैरहजर" हा शेरा त्या एका मेसेजने टळू शकतो.

६. निघताना काय घ्यायचं

राजीनामा ईमेलने द्या आणि सुटण्याची तारीख लेखी मंजूर करून घ्या. कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटचा हिशेब घ्या. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का तेही तपासा.

आणि शेवटचं: कॅन्टीनचा नाश्ता, पॅकिंगचं सामान, गाडीभाडं, हे सगळं कंपनीला बाहेरून लागतं. आजचा साहेब उद्याचं पहिलं गिऱ्हाईक असू शकतो. त्याच्या दारातून सरळ बाहेर पडा, म्हणजे परत जाता येईल.

आजचा गृहपाठ: कागदावर तीन आकडे लिहा. नोटिशीचे उरलेले दिवस, ते सोडण्याचा खरा खर्च, आणि तेवढ्या दिवसांत दुकानातून सुटणारा नफा. हे तीन आकडे समोर आल्याशिवाय राजीनामा लिहायला बसू नका.