राजूर घाट ते खारदुंग ला: टर्बो गाडीच्या ट्यूनिंगचे अनुभवाचे बोल

मलकापूर सुमारे २५० मीटरवर, बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. मोताळा मागे पडलं की राजूर घाट लागतो आणि गाडीचा खरा स्वभाव तिथे कळतो. "भाऊ, गाडी घाटात वढतच नाही, काऊन तं पाहा," हे गॅरेजमध्ये रोजचंच. आता आपल्याकडची पोरं टर्बो डिझेल घेऊन थेट लेहला निघतात आणि निघण्याआधी म्हणतात, उंचीसाठी ट्यून करून द्या. त्यांना जे सांगतो, तेच इथे मांडतो.

१. टर्बोला दम राखून ठेवू द्या.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. लेहला, ३,५०० मीटरवर, तो ०.६५ च्या आसपास येतो. लेहच्या वरची खारदुंग ला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे तो जेमतेम निम्मा उरतो. इंजिनाला २ बार दाबाची हवा लागत असेल, तर मुंबईत टर्बोने बाहेरची हवा दुप्पट दाबली की काम झालं. लेहला तेवढ्याच कामासाठी ती तिपटीहून जास्त दाबावी लागते, खारदुंग लाला जवळपास चौपट. छोट्या गाडीचा टर्बो पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. उंचीवर त्याला आणखी पळवलं, तर हवा जास्त तापते आणि बेअरिंगवर ताण येतो. म्हणून उंचीसाठी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवून मागणाऱ्याला मी आधी थांबवतो. माझ्या मते उंचीचं ट्यूनिंग म्हणजे टर्बोच्या मर्यादेच्या अलीकडे राहायला शिकणं.

टर्बोची ताकद मात्र खरी आहे. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर नेऊन चालवलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं. पातळ हवेवरचा उपाय म्हणूनच टर्बो विमानात आला.

२. बूस्ट गेज काय मोजतं ते आधी समजून घ्या.

हौसेने बसवलेलं गेज बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब दाखवतं. मुंबईत काटा १ वर असेल, तर इंजिनात २ बार. लेहला काटा १ वरच असला तरी इंजिनात १.६५. बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या वेस्टगेट झडपेचं हेच होतं: काटा जागेवर आणि गाडी मात्र सुस्त. मालकाला वाटतं टर्बो गेला. अशा वेळी स्कॅनर लावून मॅप सेन्सरचा आकडा वाचायचा, कारण तो एकूण दाब सांगतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली, तर त्याने बाहेरचाच दाब दाखवायला हवा. बुलढाण्यात तो ०.९४ च्या जवळपास दिसला पाहिजे. बराच वेगळा दिसला, तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी बघा, टर्बो नंतर.

३. आपला मे महिना हीसुद्धा उंचीच आहे.

हे लोकांना पटायला वेळ लागतो. हवा तापली की विरळ होते. मे महिन्यात दुपारी मलकापूरला पारा ४५ अंशांवर असताना तिथली हवा जितकी विरळ असते, साधारण तितकीच ती हिवाळ्यात पहाटे महाबळेश्वरला असते. राजूर घाट चढताना दाब चार-पाच टक्केच कमी होतो. ऊन त्याच्या दुप्पट हवा खातं. वर इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि कापूस अडकलेला असेल, तर टर्बोने तापवलेली हवा थंड होतच नाही. लेहला जाणाऱ्याची गाडी मी मेच्या दुपारी, माणसं आणि सामान भरून, मलकापूरहून वर आणतो. तिथे धूर सोडला, तर ती पुढे न्यायची नाही.

४. रीमॅपच्या आधी साबणाचं पाणी.

घाटात पिकअप नाही, काळा धूर आहे, चढावर फुस्स असा आवाज येतो, अशा गाडीत बहुतेक वेळा हवेचा पाइप फाटलेला निघतो. इंटरकूलरच्या खालच्या बाजूचा रबरी होज हाताने वाकवून बघा. क्लिपच्या कडेला तेलकट काळा डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर हवा तिथूनच जाते. एका बाजूने हवा भरून साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतातच. सपाटीवर बारीक गळती टर्बो जास्त फिरून झाकून नेतो. उंचीवर त्याच्याकडे जास्तीचं काही उरलेलंच नसतं. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लिपसाठी लोक इंजिनाच्या संगणकाचं हजारो रुपयांचं रीमॅपिंग करून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

५. ईसीयूतलं उंचीचं गणित पुसू नका.

कंपनी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, बाहेरच्या दाबाप्रमाणे डिझेल आणि बूस्ट कमी करण्याचा तक्ता देते. काही रीमॅपवाले "वर जाऊन गाडी मरते" म्हणून नेमका तोच सपाट करतात. मग पातळ हवेत पूर्ण डिझेल पडतं, काळा धूर निघतो, एक्झॉस्ट लालबुंद तापतो आणि बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरून जातो. पेट्रोल टर्बोत तापलेल्या हवेने नॉकिंगचा धोका, तो आणखी वाईट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल केले, तर विम्याच्या वेळी तेच आडवं येतं.

६. रेडिएटरचं झाकण नवं घाला.

लेहला पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. झाकणाने दाब धरला तरच कूलंट टिकतं, आणि पातळ हवेने रेडिएटरही कमी थंड होतो. हिवाळ्यात जाणार असाल, तर टाकीतलं इथलं डिझेल वर गोठतं. लडाखच्या पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, ते भरा.

७. गिअर खाली घ्या.

उंचीवर कमी आरपीएमला टर्बो जागाच होत नाही. आपल्या काळी-पिवळीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. घाट दिसला की ते वेळेत दुसरा टाकतात. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी रडवली, तर डिझेल जळतं आणि गाडी तिथेच. चढ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद करा, कारण तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं.

८. परत आल्यावर टर्बो उघडून बघा.

लडाखची धूळ बारीक असते, एअर फिल्टरच्या कडेने आत जाते. फिल्टरचा पाइप काढायचा, टॉर्च मारायचा आणि शाफ्ट दोन बोटांत धरायचा. आडवा किंचित हलला तर चालतो. आत-बाहेर हलला, किंवा पात्यांच्या टोकाशी घासल्याची चमकदार रेघ दिसली, तर गाडी राजूर घाटातही उतरवू नका. आधी टर्बो दुरुस्तीला पाठवा आणि ऑइल बदलताना जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात धातूचा कीस आहे का ते बघा.