धडा नववा : घरातल्या यंत्रांना नंबर कोण देतो?

गावात घरांना नंबर असतात. ग्रामपंचायत ते देते आणि आपल्या दप्तरी लिहून ठेवते. समजा, दोन घरांना एकच नंबर पडला. मग काय होईल? एकाची नोटीस दुसऱ्याच्या हाती जाईल. दोघांचीही अडचण होईल.

घरच्या वायफायचंही असंच आहे. राउटर नावाची लहान पेटी बाहेरचे इंटरनेट घरात पोचवते. फोन, टीव्ही, संगणक या पेटीला बिनतारी जोडलेले असतात. कोणती माहिती कोणाची, हे पेटीला कळावे लागते. म्हणून प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो असा दिसतो : १९२.१६८.१.१०५. चार आकडे आणि मध्ये टिंबे. कोणताही आकडा २५५ च्या वर जात नाही.

हा नंबर आपण हाताने देऊ शकतो. पण मग कोणाला कोणता दिला, हे ध्यानात ठेवावे लागते. फोनला दिलेला नंबर चुकून टीव्हीलाही दिला, की दोन्ही अडखळतात. पीकविम्याच्या अर्जाची शेवटची तारीख असते, आणि फोन नेमका तेव्हाच हटून बसतो!

त्यापेक्षा हे काम राउटरलाच सांगावे. यंत्र जोडले, की राउटर मोकळा नंबर पाहून देतो. बाहेर जायची वाटही तोच दाखवतो. या रीतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक राउटरांत ही सोय असते. ती चालू आहे का, हे आपण पाहू.

पडद्यावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. अक्षरे त्यांनी वाचावीत, काम आपण करावे.

१. राउटरच्या पाठीवरची किंवा तळाची चिठ्ठी पाहा. तिच्यावर बहुधा राउटरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड असतो. पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

२. फोन त्याच वायफायला जोडा. ब्राउझर उघडून वरच्या ओळीत तो पत्ता लिहा. मग नाव आणि पासवर्ड भरा.

३. 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' लिहिलेले पान शोधा. तिथले आकडे आधी वहीत उतरवून घ्या. काही बिघडले तर ते उपयोगी पडतील.

४. डीएचसीपीपुढे 'इनेबल' निवडा. इनेबल म्हणजे चालू.

५. पहिला आणि शेवटचा नंबर पाहा. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असे लिहिता येतील. एवढ्यात १०० यंत्रांची सोय होते. राउटरचा स्वतःचा नंबर यात येऊ देऊ नका.

६. मुदत २४ तास ठेवली तरी चालते. पाहुणा परत गेला, की मुदतीनंतर त्याचा नंबर दुसऱ्याला मिळतो. घरातले यंत्र मुदत संपण्याआधी आपणच ती वाढवून घेते.

७. 'सेव्ह' दाबा. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, तर घाबरू नका. थोडे थांबा.

८. फोनमध्ये वायफायच्या सेटिंगात 'स्टॅटिक' असेल, तर तिथे 'डीएचसीपी' निवडा. स्टॅटिक म्हणजे हाताने दिलेला, न बदलणारा नंबर.

एवढे करूनही यंत्राचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला नंबर मिळालेला नाही असे समजा. वायफाय बंद करून पुन्हा लावा. घरात दोन राउटर एकाच जाळ्यात जोडले असतील, तर नंबर देण्याचे काम एकाकडेच ठेवा. दोघे वाटू लागले, तर पुन्हा घोटाळा होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. नंबर देणे म्हणजे दाराला कुलूप लावणे नव्हे. वायफायचा पासवर्ड ज्याला ठाऊक आहे, त्याला राउटर नंबर देतोच, मग तो घरचा असो वा परका. म्हणून पासवर्ड जपा.

चार आकडे नीट वाचता आले, की हे काम घरच्या घरी होते. त्यासाठी कोणाची वाट पाहायला नको.

प्रश्न

१. दोन यंत्रांना एकच नंबर दिला तर काय होते?
२. पान बदलण्याआधी वहीत काय लिहून ठेवावे?
३. आपल्या राउटरचा पत्ता पाहून वहीत लिहा.