कळसूबाईचा माथा

सह्याद्रीच्या रांगेत उंच शिखरे पुष्कळ आहेत. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखराचा मान कळसूबाईला मिळाला आहे. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंचीचे हे शिखर अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या सीमेवर उभे आहे. त्याच्या पूर्व पायथ्याशी बारी हे गाव आहे. पहाटे तेथून निघालेला मनुष्य माथा गाठून सूर्यास्तापूर्वी परत येऊ शकतो. वाट एका दिवसाची आहे; पण ती सोपी आहे, असे मात्र कोणी समजू नये.

गावची भातखाचरे मागे पडली की चढ सुरू होतो. नवखा प्रवासी उत्साहाच्या भरात झपाझप पावले टाकतो आणि थोड्याच वेळात धापा टाकीत एखाद्या दगडावर बसतो. गावच्या वाटाड्याची रीत निराळी असते. त्याचे पाऊल संथ पडते, परंतु ते सहसा थांबत नाही. डोंगर चढण्याचे पहिले रहस्य हेच होय. दुसरे रहस्य असे, की मंडळीत ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्याच चालीने सर्वांनी चालावे.

वाटेच्या दोन्ही अंगांस कारवीची झुडपे दिसतात. कारवी साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी डोंगराचा उतार जांभळा होऊन जातो. पायांखालचा काळा खडक तर फारच प्राचीन आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त लाव्हा वारंवार बाहेर आला. त्याचे थरांवर थर साचून हा प्रदेश घडला. म्हणूनच सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्यांसारखे भासतात.

जेथे हे कडे ताठ उभे राहतात, तेथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. खऱ्या धैर्याची कसोटी येथे लागते. पावसाळ्यात खडक निसरडा होतो, धुक्यात दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते आणि आकाशात विजा चमकू लागल्या, तर लोखंडी शिडी व उघडा माथा या दोन्ही जागा धोक्याच्या ठरतात. अशा वेळी माथा हाकेच्या अंतरावर असला, तरी जाणता वाटाड्या मागे फिरतो. त्याला भित्रा म्हणणे चुकीचे आहे. डोंगर उद्याही तेथेच असणार, हे तो ओळखून असतो.

आकाश निरभ्र असले, तर माथ्यावर श्रमाचे सार्थक होते. तेथे कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. परिसरातील महादेव कोळी समाजाची या देवीवर मोठी श्रद्धा असून नवरात्रात येथे यात्रा भरते. पश्चिमेस अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्ग खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय चकाकतो. प्रवरा नदी अडवून बांधलेले तेथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. वारा अंगाला झोंबतो, कारण उंची १००० मीटरांनी वाढली की हवा सुमारे सहा अंशांनी थंड होते.

परंतु माथा म्हणजे प्रवासाचा अर्धाच भाग होय. उतरताना गुडघे थकलेले असतात आणि लक्ष विचलित होते. पुष्कळांचे पाय तेव्हाच घसरतात. शिवाय सूर्य डोंगराआड गेला की पूर्वेकडच्या या वाटेवर सावली लवकर पसरते. म्हणून परतण्याची वेळ निघतानाच ठरवावी आणि थोडे पाणी उतरणीसाठी राखून ठेवावे.

१९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथे येणाऱ्याने कागदाचा कपटाही मागे ठेवू नये. सर्व सोबत्यांसह जो सुखरूप पायथ्याशी परततो, त्यानेच शिखर सर केले, असे म्हणावे.

स्वाध्याय

१. डोंगर चढण्याची कोणती दोन रहस्ये पाठात सांगितली आहेत?
२. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे का दिसतात?
३. मागे फिरणाऱ्या वाटाड्याला भित्रा का म्हणू नये?
४. ‘खांद्याला खांदा लावणे’ या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.