परदेशी अडकलेल्या भावास कायद्याचा आधार

प्रश्न : एजंटाच्या शब्दावर धाकटा भाऊ पर्यटक व्हिसावर बँकॉकला गेला. तेथून त्याला चोरवाटेने म्यानमारमध्ये नेले, पासपोर्ट काढून घेतला आणि आता संगणकावरून लोकांना फसविण्याचे काम मारून-मुटकून करवून घेतात. तक्रार केली तर तोच गुन्हेगार ठरेल का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, परंतु कागदपत्रांवाचून सीमा ओलांडली म्हणजे मनुष्य कायद्याच्या संरक्षणास मुकला, हा समज निराधार आहे. फसवून वा धाकाने शोषणासाठी माणसे नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 अन्वये मानवी व्यापाराचा गुन्हा असून, पीडिताने आरंभी दिलेली संमती तेथे गैरलागू ठरते. मार्च 2025 मध्ये अशाच फसवणूक केंद्रांतून सुटलेल्या 549 भारतीयांना सरकारने थायलंडमधून हवाई दलाच्या विमानांनी परत आणले, हे ध्यानी घ्यावे.

पाचोरा पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. हद्दीची सबब आता कायद्याने चालत नाही. एजंटाचे व्हॉट्सॲप संदेश, पैसे दिल्याच्या पावत्या, तिकिटाची प्रत सोबत न्या. मोबाईलमधले काहीही पुसू नका. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आणि यांगूनच्या भारतीय दूतावासाकडे भावाचा पासपोर्ट क्रमांक व ठावठिकाणा कळवा. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवाना एजंटाकडे आहे की नाही, हे ‘ईमायग्रेट’ संकेतस्थळावर दिसते, बहुधा नसेलच.

सुटकेसाठी खंडणी मागितली तर ती परस्पर धाडू नका, आणि भावाला एकट्याने पळण्यास भरीस घालू नका. परतल्यावर त्याची चौकशी होईल; तेव्हा वकील सोबत असावा.