पोर्ट म्हणजे खिडकी : ती उघडत नसेल तर काय पाहायचं?



आपल्या पालघर जिल्ह्यात वर्गात "पोर्ट" म्हटलं की मुलं लगेच वाढवण बंदराचं नाव घेतात. संगणकातला पोर्ट वेगळा. तो शिकवताना मी बोईसर स्टेशनचं उदाहरण देते. स्टेशन एकच, पण साध्या तिकिटाची खिडकी वेगळी, आरक्षणाची वेगळी. स्टेशनचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता आणि खिडकीचा नंबर म्हणजे पोर्ट.

हा नंबर १६ बिटांचा असतो, म्हणून तो ० ते ६५५३५ मधला कोणताही असू शकतो. साध्या वेबपानांसाठी ८० आणि सुरक्षित पानांसाठी ४४३ हे नंबर ठरलेले आहेत. पोर्ट "उघडा" म्हणजे त्या खिडकीमागे एखादा प्रोग्राम ऐकत बसलेला आहे.

आता नेहमीची अडचण घ्या. लॅबमधल्या एका संगणकावर आपण पायथनने चाचणीचं पान ८००० पोर्टवर ठेवलं. त्या संगणकावर ते दिसतं, बाकीच्या संगणकांवर नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, "फायरवॉल बंद करून टाका!" थांबा. आधी क्रमाने पाहू.

१. ज्यावर पान ठेवलंय त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा. नाही उघडलं तर प्रोग्रामच सुरू नाही. खिडकीत माणूसच नाही!

२. उघडलं, तर नेटस्टॅट ही आज्ञा द्या. ८००० समोर १२७.०.०.१ दिसलं तर प्रोग्राम फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतोय. ०.०.०.० दिसलं तर तो बाहेरच्यांचंही ऐकायला तयार आहे.

३. आयपीकॉन्फिगने त्या संगणकाचा पत्ता पुन्हा तपासा. राउटर तो बदलू शकतो. दोन्ही संगणक एकाच वायफायवर आहेत ना, तेही पाहा.

४. आता दुसऱ्या संगणकावरचा संदेश वाचा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर बहुधा आपण स्टेशनवर पोहोचलो, पण खिडकी बंद आहे. "टाइम्ड आउट" आलं तर उत्तरच मिळालं नाही. पत्ता चुकलाय किंवा फायरवॉलने वाटेतच अडवलंय. विंडोजचा फायरवॉल बंद खिडकीबद्दलही गप्पच राहतो, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या कधीच गाळू नका.

५. अडथळा फायरवॉलचाच असेल, तर फक्त ८००० साठी आणि फक्त खासगी नेटवर्कपुरता नियम घाला. तास संपला की तो काढा.

सगळाच फायरवॉल बंद का करायचा नाही? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसमुळे जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं. तो व्हायरस एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना ४४५ या पोर्टचाही वापर करत होता. आपल्या कित्येक मुलांचे आईबाबा तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. कारखान्यांतली यंत्रं चालवायला मोडबस ही पद्धत सर्रास वापरतात. तिचा पोर्ट ५०२, आणि मूळ मोडबसमध्ये पासवर्डच नाही. असा पोर्ट इंटरनेटवर उघडा राहिला तर बाहेरचा माणूस थेट यंत्राशी बोलू शकेल.

म्हणून लॅबमध्ये मुलांना दोन्ही गोष्टी शिकवू या : हवी ती खिडकी उघडणं आणि काम झाल्यावर ती आठवणीने लावून घेणं.

घरचा अभ्यास : पालकांसोबत बसून नेटस्टॅट चालवा, ऐकत असलेले तीन पोर्ट वहीत लिहा आणि त्यांच्यामागे कोणता प्रोग्राम आहे ते शोधा.