मैदान आणि वर्गखोली : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा धडा

शाळेच्या स्मरणिकेत अमेरिकेतील फुटबॉलवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पालकसभा संपल्यावर जवळजवळ दरवर्षी एखादे वडील मागे थांबतात आणि हळू आवाजात म्हणतात, "सर, पोरगं खेळात चांगलं आहे; अभ्यासात तेवढं सांभाळून घ्या." या विनंतीमागे माया असते, गरिबी असते, पोलीस भरतीचे किंवा रेल्वेतील नोकरीचे स्वप्न असते. तिला काय उत्तर द्यावे याचा विचार करताना इतिहासाच्या विद्यार्थ्याची दृष्टी अमेरिकेकडे वळते. उच्च शिक्षण आणि खेळ यांची सांगड तेथे प्रचंड प्रमाणावर घातली गेली, आणि 'सांभाळून घेण्याचे' परिणामही तेथे न्यायालयांच्या व चौकशी समित्यांच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहेत.

खेळाचा उदय आणि पहिला पेच

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडत पुढे जाण्याचा हा अंगावर येणारा, दणकट खेळ आहे. दोन महाविद्यालयांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढील तीन दशकांत तो महाविद्यालयांच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि अनेक राज्यांत सरकारी वेतन घेणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा पगार विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. ज्ञानदानासाठी स्थापन झालेल्या संस्थेत असे घडू लागले की अभ्यास आणि खेळ यांचा तोल राखणे ही केवळ वेळापत्रकाची बाब उरत नाही.

पहिला पेच जिवाचा होता. १९०५ साली मैदानावरील मृत्यूंनी देश हादरला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. याच घडामोडींतून १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी संघटना उभी राहिली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, या नावाने ओळखली जाते.

काही विद्यापीठांनी मात्र खेळच बंद केला. त्यांत न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ होते. १९०५ च्या हंगामानंतर कोलंबियाने फुटबॉल थांबवला, तो १९१५ पर्यंत. म्हणजे १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर तेथे दाखल झाले, तेव्हा त्या विद्यापीठाचा फुटबॉल संघच नव्हता. आणि ज्या वर्षी ते एम.ए. झाले, त्याच वर्षी खेळ परत आला. दहा वर्षे मैदान सुने राहिल्याने कोलंबियाच्या विद्वत्तेला उणेपण आले नाही, याचा याहून मोठा पुरावा आपल्याला नको.

शिकागो विद्यापीठाने असाच निर्णय अधिक ठामपणे घेतला. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइसमन चषक १९३५ साली सर्वप्रथम पटकावणारा जे बरवँगर हा शिकागोचा विद्यार्थी. परंतु अवघ्या चार वर्षांत, डिसेंबर १९३९ मध्ये, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहावरून विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. त्या ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. फुटबॉल तेथे परतला तो १९६९ मध्ये, मर्यादित स्वरूपात.

ही उदाहरणे मोहक आहेत. पण त्यांवरून 'खेळ नको' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संपन्न विद्यापीठाला मैदान बंद करणे परवडते. ज्या मुलासाठी विद्यापीठाचे दार केवळ मैदानाच्या बाजूनेच उघडते, त्याचे काय?

एकाच माणसात दोन्ही

त्या दारातून आत गेलेल्यांत सर्वप्रथम आठवतात पॉल रोबसन. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मले होते आणि तेथून निसटून पुढे धर्मोपदेशक झाले. रोबसन मात्र रटगर्सला आले ते १९१५ साली, परीक्षेत मिळवलेल्या शिष्यवृत्तीवर. संघात शिरू पाहणाऱ्या या कृष्णवर्णीय तरुणाला पहिल्याच सरावात स्वतःच्या सहखेळाडूंनी इतके मारले की त्यांचे नाक मोडले. १९१६ मध्ये दक्षिणेतील एका महाविद्यालयाने कृष्णवर्णीयासोबत खेळण्यास नकार दिला, तेव्हा रटगर्सने आपल्याच उत्तम खेळाडूला बाहेर बसवले. तरीही राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची दोनदा गणना झाली, आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या 'फाय बीटा कॅप्पा' या मानाच्या मंडळातही त्यांना स्थान मिळाले. १९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण त्यांनीच केले. पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळून पैसे मिळवत त्यांनी कायद्याची पदवी घेतली, तीही कोलंबियातून. पुढे गायक, अभिनेता आणि समतेचा पुरस्कर्ता म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली.

रोबसन यांना कोणी सांभाळून घेतले नव्हते, उलट अडवलेच होते. तथापि, 'रोबसनला जमले, मग तुला का नाही?' असे प्रत्येक मुलाला विचारणे अन्यायाचे होईल. असामान्यांच्या उदाहरणावर सामान्यांसाठीची व्यवस्था उभी राहत नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन आपल्या मुलांनाही हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

सवलतीच्या आडून झालेली लूट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतील विद्यापीठांनीही कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश दिला. दार उघडले, पण आत गेल्यावर काय झाले?

१९८९ मध्ये डेक्स्टर मॅनली या नामवंत व्यावसायिक खेळाडूने अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीसमोर रडत कबुली दिली की, विद्यापीठात चार वर्षे काढूनही आपल्याला वाचता येत नव्हते. शाळेने त्यांना पुढे ढकलले, विद्यापीठाने खेळवले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. अक्षरओळख मात्र कोणी करून दिली नाही.

जॉर्जिया विद्यापीठातील प्रकरण याहून बोलके आहे. तेथे जॅन केम्प या कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत असत. १९८१ च्या अखेरीस नऊ फुटबॉलपटू या वर्गात अनुत्तीर्ण झाले असतानाही प्रशासनाने त्यांना पुढे जाऊ दिले. समोर मोठा सामना होता. केम्प यांनी आवाज उठवला आणि त्यांची नोकरी गेली. त्या न्यायालयात गेल्या. विद्यापीठाच्या वकिलाने बचावात जे सांगितले त्याचा आशय असा : अशा मुलाचा विद्यापीठीय विद्यार्थी आम्ही घडवू शकणार नाही कदाचित; पण लिहावाचायला शिकला, तर कचरा उचलण्याऐवजी तो टपाल खात्यात तरी काम करील. १९८६ मध्ये ज्यूरीने केम्प यांच्या बाजूने कौल दिला आणि २५ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. ती रक्कम पुढे कमी झाली. पण केम्प सन्मानाने कामावर परतल्या.

त्या वकिलाचे म्हणणे वाचताना आपल्या समाजातील कोणाच्याही काळजात चर्र होईल. कोणाच्या मुलाने कचरा उचलायचा हे आधीच ठरवून ठेवणारी ही भाषा आपल्या ओळखीची आहे. येथे ती दयेचे वस्त्र पांघरून आली एवढेच.

आणखी एक प्रकरण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की, १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत तेथे नावापुरते वर्ग चालले. ते कधी भरत नसत. शेवटी एक निबंध द्यायचा आणि कार्यालयातील एका कर्मचारी बाईंनी सढळ हाताने गुण टाकायचे. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. अडचणीतील विद्यार्थ्यांविषयी कळवळा, हा त्या बाईंचा हेतू असल्याचे अहवालात आढळते. आणि हे सारे घडले आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकी अभ्यास विभागात, म्हणजे ज्या समाजाचा इतिहास शिकवण्यासाठी तो विभाग होता, त्या समाजाच्या मुलांनाही रिकाम्या वर्गाची पदवी देण्यात आली. २०१७ मध्ये एनसीएएने ठरवले की हे वर्ग खेळाडूंप्रमाणे इतरांनाही खुले होते, सबब आपल्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही.

अट कोणासाठी?

याच काळात अमेरिकेत एक वाद गाजला. १९८३ साली एनसीएएने 'प्रपोझिशन ४८' हा नियम संमत केला आणि १९८६ पासून तो अमलात आला. पहिल्या वर्षी खेळायचे असेल तर शालेय पायाभूत विषयांत चारपैकी किमान दोन सरासरी आणि 'सॅट' या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी किमान ७०० गुण हवेत, अशी ती अट होती. तिच्यामुळे अडलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

कृष्णवर्णीय नेतृत्वात यावर एकमत नव्हते. समाजाच्या ऐतिहासिक महाविद्यालयांच्या प्रमुखांचे म्हणणे असे की, एका परीक्षेचे गुण बुद्धीइतकेच घरची परिस्थितीही मोजतात. ज्यांना चांगली शाळाच मिळाली नाही, त्यांना ही अट दुसऱ्यांदा शिक्षा करते. उलट हॅरी एडवर्ड्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने अटीचे समर्थन केले. आमच्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच खरा अपमान, अशी त्यांची भूमिका होती. १९८९ मध्ये नियम आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीही काढून घेण्याचे ठरले, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्यापूर्वी निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. थॉम्पसन काही अभ्यासाकडे दुर्लक्ष करणारे नव्हते. आपले खेळाडू पदवी घेऊनच बाहेर पडावेत यासाठी ते प्रसिद्ध होते. त्यांचा आक्षेप दार बंद करण्याला होता. पुढे तो नियम सौम्य झाला आणि २०२३ मध्ये एनसीएएने प्रवेशपरीक्षेची अटच काढून टाकली.

हा वाद आपल्याला नवा नाही. आरक्षणावर बोलताना 'दर्जा घसरतो' हा आक्षेप आपण सतत ऐकतो. माझ्या मते एडवर्ड्स आणि थॉम्पसन या दोघांचेही बरोबर होते, कारण ते दोन वेगवेगळ्या दारांविषयी बोलत होते. आत येण्याचे दार रुंद असले पाहिजे. वंचिताला तो न्यायच आहे. बाहेर पडण्याच्या दारावर मात्र दर्जाशी तडजोड नको. आणि या दोन दारांमधील काळात जादा शिकवणे, वेळ देणे, धीर देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. ज्या विद्यापीठांनी बदनामी ओढवून घेतली, त्यांनी आतले दार उघडले, बाहेरचे सैल केले आणि मधले कर्तव्य टाळले.

पुढे काही सुधारणा झाल्या. १९९१ पासून हंगामातील सक्तीच्या सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आली, जरी प्रत्यक्षात खेळाडूंचे तास त्याहून अधिक भरतात. संघातील विद्यार्थी अभ्यासात टिकतात की नाही यावर गुण देऊन कमी पडणाऱ्या संघाला दंड करण्याची पद्धतही या शतकाच्या आरंभी सुरू झाली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. ज्यांच्या घामावर कोट्यवधींची उलाढाल चालते त्यांना वाटा मिळणे योग्यच आहे. पण पैसा हे शिक्षणाचे उत्तर नव्हे. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी व्यावसायिक संघांत पोहोचणारे शंभरात दोनही नसतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या हाती शेवटी पदवी आणि तिच्यामागचे ज्ञान, एवढेच राहते.

आपल्यासाठी

सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. चंक्रमण करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते काय? समतोल म्हणजे अर्धे हे आणि अर्धे ते असा हिशेब नव्हे. तार सुरात येईपर्यंत कान देऊन ती जुळवावी लागते. प्रत्येक मुलाची तार निराळी असते, आणि हे काम शिक्षकाचे आहे.

आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा त्यांच्यासाठी असतात. हे लाभ आपल्या मुलांनी अवश्य घ्यावेत. त्यासोबत शाळेनेही स्वतःला विचारावे : स्पर्धेसाठी मुलाचे जे पंधरा दिवस घेतले, त्या दिवसांचे धडे त्याला परत कधी शिकवले? गुडघा दुखावला तर दुसऱ्या दिवशी हा मुलगा कशाच्या बळावर उभा राहील? निवासी शाळेला या प्रश्नांतून सुटका नाही, कारण मुलाची पहाटही आपल्या हाती असते आणि रात्रीचा अभ्यासही.

म्हणून मागे थांबलेल्या त्या वडिलांना माझे उत्तर ठरलेले आहे. दादा, तुमच्या मुलाला आम्ही सांभाळू. जादा तास घेऊ, चार वेळा समजावून सांगू, मैदानावरून उशिरा आला तर त्याच्यासाठी दिवा लावून बसू. पण 'सांभाळून घेणार' नाही. कारण शिकवल्यावाचून दिलेले गुण ही सवलत नसून चोरी असते, आणि ती त्याच्याच शिक्षणाची असते.

जय भीम.