कलम पांढरं दिसलं तर हात लावू नकोस

पोरी, हिरडीचं कलम करायला तुला येतं. टाळूवरून तुकडा कसा काढायचा, जागा कशी तयार करायची, टाके कुठे घालायचे, हे एमडीएस करताना तुझ्या हातात बसलंय. ज्या दिवसांबद्दल कॉलेजात फारसं कुणी बोलत नाही, ते टाक्यांनंतरचे पहिले पंधरा दिवस. आता क्लिनिक तुझं आहे, पेशंट तुझा आहे आणि तिसऱ्या दिवशी तो घाबरून येईल तेव्हा समोर तूच असशील. म्हणून आत्याचं एवढं ऐक.

कापलेला तुकडा रक्तवाहिन्यांपासून तुटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावरच तगतो. ऑलिव्हर, लो आणि कॅरिंग यांनी १९६८मध्ये माकडांच्या हिरड्यांवर हे टप्प्याटप्प्याने पाहिलं: साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत हा झिरप, दुसऱ्यापासून अकराव्या दिवसापर्यंत नव्या रक्तवाहिन्या शिरणं आणि जुन्यांशी जुळणं, आणि मग सहा आठवड्यांपर्यंत ऊती पक्की होणं. हे वेळापत्रक पाठ करून ठेव, कारण उपाशी असलेल्या त्या पहिल्या दिवसांत कलम पांढरट, कधी राखाडी दिसतं आणि वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. लावणी केलेलं भाताचं रोप पहिले काही दिवस पिवळं पडतं, तसंच हे. तो पापुद्रा फक्त वरच्या थराचा असतो. तो चिमट्याने ओढलास तर खाली नुकत्याच शिरू लागलेल्या केशवाहिन्या तू स्वतः तोडशील.

द्रव झिरपायला कलम आणि खालची जागा एकमेकांना चिकटून हवीत. मध्ये रक्ताची गाठ राहिली की तेवढा भाग उपाशी मरतो. म्हणून शेवटचा टाका घातल्यावर ओल्या गॉजने कलम निदान तीन ते पाच मिनिटं सारख्या दाबाने धरून ठेव. घड्याळ लावून धर, अंदाजाने नको. त्यानंतर ओठ हळूच ओढून बघ, कलम हलतंय का. हलत असेल तर त्याच वेळी टाका बदल. ही तपासणी ऑपरेशनच्या खुर्चीतच संपली पाहिजे. पुढचे दोन आठवडे ओठ ओढायचा नाही, तूही नाही आणि पेशंटनेही नाही. घरी आरशासमोर ओठ उलटा करून पाहायची सगळ्यांना हौस असते. ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे आणि तोंडानेही सांग.

आता मोजण्याचं. कलमातलं रक्त दिसावं म्हणून लोकांनी बरंच डोकं लावलंय. मोरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५मध्ये हाताच्या शिरेतून फ्लुरोसिन देऊन कलमातल्या रक्तवाहिन्या चमकताना पाहिल्या. २००५मध्ये स्वित्झर्लंडच्या बुर्खार्ट आणि लांग यांनी दहा पेशंटमध्ये एका बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धाग्याने आणि दुसऱ्या बाजूला नेहमीच्या पद्धतीने काम केलं आणि रक्त फ्लुरोसिननेच मोजलं. शस्त्रक्रिया संपताना दोन्हीकडे रक्त पोचलेला भाग जवळपास सारखाच होता, आठ-नऊ टक्के. तिसऱ्या दिवशी ५३ आणि ४४ आणि सातव्या दिवशी ८५ आणि ६४ टक्के. हात तेच, जबडा तोच, फरक फक्त नाजूकपणाचा. हे आकडे मला फार मोलाचे वाटतात, कारण बारीक सुई आणि हलका ताण हा हौसेचा भाग नाही हे त्यांनी रक्तात दाखवून दिलं. तुझ्याकडे मायक्रोस्कोप नसेल, पण चांगली लूप्स आणि ६-० चा धागा परवडतो. पहिल्या कमाईतून तेच घे.

फ्लुरोसिन मात्र रोजच्या क्लिनिकचं काम नाही. त्याने काहींना मळमळतं आणि क्वचित तीव्र ॲलर्जी होते. लेझर डॉप्लर बिनसुईचं आहे: प्रकाश हलणाऱ्या लाल पेशींवरून परततो आणि त्याच्या बदलावरून प्रवाह कळतो. पण ते एका ठिपक्याएवढ्या जागेचंच मोजतं. प्रोब जरा सरकला, पेशंटने आवंढा गिळला, की आकडा बदलला. म्हणून संशोधक दातांवर ॲक्रिलिकचा साचा बसवून प्रोब दर वेळी नेमक्या त्याच जागी आणतात. लेझर स्पेकलचा कॅमेरा न टेकता अख्ख्या भागाचं चित्र देतो; बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठातल्या लोकांनी हिरडीवर त्याचं पुष्कळ काम केलंय. कधी अशा यंत्रावर काम करायला मिळालं तर एवढं ध्यानात ठेव की त्याचा आकडा मिलिलिटरमध्ये नसतो, सापेक्ष असतो. आजचा आकडा त्याच तोंडातल्या शेजारच्या निरोगी हिरडीशी आणि परवाच्या आकड्याशी ताडून बघ. दुसऱ्या पेशंटच्या आकड्याशी त्याचं काही नातं नाही.

यंत्र नसलं तरी मोजता येतं. फोटो काढ. त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून, आणि आधी ओल्या कापसाने लाळ टिपून, कारण चमक आली की पांढरं काय आणि उजेड काय कळत नाही. ऑपरेशनच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात. मोबाइल चालेल, फक्त त्याची रंग सुधारण्याची सोय बंद ठेव. चौथ्या-पाचव्या दिवशी कडांकडून गुलाबी ठिपके आत सरकताना दिसतील. दाताच्या उघड्या मुळावर असलेला मधला भाग सर्वांत शेवटी रंग धरतो, कारण मुळातून रक्त येत नाही, ते शेजारून पूल बांधून यावं लागतं. तो भाग दहाव्या दिवशी फिका असला तरी धीर धर. काळसर जांभळा आणि फुगलेला दिसला तर मात्र खाली रक्त साठलंय असं समज आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाव.

आपल्या माणसांच्या हिरड्या बहुधा तपकिरी असतात आणि टाळूचा तुकडा गुलाबी. पुस्तकातले फोटो गोऱ्या हिरड्यांचे. शेजारच्या रंगाशी ताडलंस तर चांगलं कलमही तुला फिकं वाटेल. रंगाची तुलना त्याच कलमाच्या आधीच्या फोटोशी कर. आणि रंगाचा ठिगळासारखा फरक राहू शकतो हे पेशंटला ऑपरेशनआधी सांग. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आठवडा उलटल्यावर ओल्या कापसाच्या काडीने कलमाला अगदी अलगद स्पर्श कर. पांढरं होऊन पुन्हा रंग भरला तर रक्त पोचलंय. लँड्री आणि सहकाऱ्यांची १९८८ची श्रेणी वापर: रंग, स्पर्शाने रक्त येणं, दाणेदार ऊती, कडेची कातडी, पू, यांवरून १ ते ५ गुण. कार्डावर आकडा लिही, ‘बरं आहे’ असं लिहू नकोस. तीन महिने खोली मोजायचा प्रोब हिरडीखाली घालायचा नाही. एनॅमल संपतं त्या रेघेपासून हिरडीच्या कडेपर्यंतचं अंतर मात्र मोज, सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने. कलम सुरुवातीला आकसतं, आणि काही पेशंटमध्ये पुढे वर्षभरात हिरडी स्वतःच दाताकडे थोडी सरकते. त्यामुळे सहा आठवड्यांत निकाल लावून टाकू नकोस.

हिस्टरी घेताना एक प्रश्न वेगळा विचार: ‘मिश्री लावता का?’ ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं तर कितीतरी बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतील, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. भाजलेली तंबाखू बोटाने हिरडीवर चोळली जाते. निकोटिनने वाहिन्या आकुंचन पावतात आणि वर रोजची ती घासाघीस. अशी हिरडी कमी रक्ताळते, म्हणून वरवर शांत दिसते आणि आपण फसतो. मिश्री किंवा सिगारेट ऑपरेशनआधी काही आठवडे सुटली नाही तर तारीख पुढे ढकल. बाईला रागवून काही होत नाही. सासू किंवा जाऊबाई सोबत आली असेल तर तिलाही बसवून घे, कारण घरात डबी एकच असते.

टाळूकडे दुर्लक्ष करू नकोस. पेशंटला दुखतं ते बहुतेक तिथेच. तुकडा काढताना मोठ्या धमनीचं भान ठेव: दाताच्या मानेपासून ती सखल टाळूत साधारण ७, मध्यम टाळूत १२ आणि उंच टाळूत १७ मिलिमीटरवर असते. टाळूचा घाव भरला का हे पाहायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाक. फेस आला तर कातडी अजून पूर्ण आलेली नाही. जमलं तर आधीच ॲक्रिलिकची पातळ टाळूपट्टी करून ठेव, जेवताना पेशंट दुवा देईल. घरी रक्त आलं की लोक सारख्या चुळा भरतात आणि गुठळी धुऊन टाकतात. त्यांना सांग: ताठ बसा, ओला गॉज अंगठ्याने टाळूवर पंधरा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका, आणि थांबलं नाही तर फोन करा. त्यासाठी स्वतःचा मोबाइल नंबर दे, क्लिनिकचा नको. रात्री अकरा वाजता रिसेप्शनचा फोन कोण उचलणार?